रोज येणारा उद्याही यावा म्हणून: ड्युओलिंगोची अडलेली वाढ आणि तिची उकल

पार्श्वभूमी

भाषा शिकवणारं ड्युओलिंगो हे ॲप २०१२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक लुईस फॉन आन आणि त्यांच्याकडे पीएचडी करणारे सेव्हरिन हॅकर यांनी ते सुरू केलं. वेबसाइटवर शिरताना वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा ज्यांनी काढला, त्यांच्यात हेच फॉन आन होते. लाखो लोकांकडून रोज चिमूटभर काम करून घ्यायची कला त्यांना आधीच अवगत होती म्हणायची.

धडे फुकट, प्रत्येक धडा काही मिनिटांचा, जाहिरातींवर फारसा खर्च नाही. लोक एकमेकांना सांगत गेले आणि ॲप पसरलं. सुरुवातीच्या वर्षांतला एक बदल इथे नोंदवायला हवा, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणाची बीजं त्यात आहेत. ॲप उघडल्या उघडल्या नाव, ईमेल, पासवर्ड मागितला जायचा आणि बरेच जण तिथूनच परत जायचे. टीमने नोंदणीचं पान काही स्क्रीन मागे ढकललं. आधी थोडं शिका, मग खातं उघडा. एवढ्यानेच रोजच्या वापरकर्त्यांत सुमारे २० टक्के वाढ झाली. पुढे नोंदणीचं आमंत्रण कुठे सौम्यपणे द्यायचं आणि कुठे अडवूनच धरायचं याची जुळवाजुळव केल्यावर आणखी ८.२ टक्के मिळाले. नवं काही न बांधता, असलेल्या गोष्टीची जागा हलवून मिळालेली ही वाढ होती.

अडचण

२०१८ च्या मध्यावर रोजच्या वापरकर्त्यांची वाढ मंदावली. ‘डीएयू’ म्हणजे एका दिवसात ॲप वापरणाऱ्या वेगवेगळ्या माणसांची संख्या. ती वर्षाकाठी एक आकडी टक्क्यांनी वाढत होती. जगातलं सर्वाधिक डाउनलोड होणारं शैक्षणिक ॲप असूनही ही अवस्था. कंपनीचं उत्पन्न जाहिराती आणि सबस्क्रिप्शन या दोन्हींतून येत होतं, आणि दोन्ही गोष्टी रोज येणाऱ्या माणसावरच अवलंबून. एकदा इन्स्टॉल करून विसरलेला माणूस जाहिरात बघत नाही आणि पैसेही भरत नाही.

डाउनलोडचा आकडा मोठा, पण रांजण फुटका. भोक नेमकं कुठे आहे हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. पहिल्या दिवशी येऊन दुसऱ्या दिवशी न येणारे जास्त, की महिनाभर नियमित येऊन मग गळणारे जास्त? दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. ‘रिटेन्शन’ म्हणजे आलेल्यांपैकी किती जण पुन्हा येत राहतात याचं प्रमाण. सगळा मिळून त्याचा एकच आकडा पाहत बसलं तर हा फरक दिसत नाही. भोक शोधायच्या आधीच टीमने दोन उपाय करून पाहिले, आणि दोन्ही फसले.

पहिला उपाय: खेळातून उचललेली गोष्ट

ॲपमध्ये गेमसारखी मजा कमी पडते, असा अंदाज बांधून रिटेन्शनची टीम बसली. त्या काळात गार्डनस्केप्स हा मोबाइल गेम लोकप्रिय होता. त्यात ठराविक चालींतच पातळी पार करावी लागते आणि उरलेल्या चालींचा आकडा वर दिसत राहतो. त्यावरून धड्यातही उरलेल्या संधी दाखवणारा मोजक बसवला. दोन महिने खर्ची पडले. मोजक लागला आणि काहीच हललं नाही. रिटेन्शन जिथे होतं तिथेच राहिलं, डीएयूही. लोकांनी तक्रारसुद्धा केली नाही, आणि हा त्याहून वाईट संकेत होता. टीम जवळजवळ मोडली.

कारण नंतर विचार केल्यावर स्पष्ट झालं. गेममध्ये प्रत्येक चालीला निवड असते. हा तुकडा हलवू की तो, पाच चाली उरल्यात तर जोखीम घेऊ की नको. मोजक त्या निवडीला धार आणतो. भाषेच्या धड्यात ‘पाणी’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात हे तुम्हाला येतं किंवा येत नाही, डावपेच काही नाहीत. त्यामुळे मोजक नुसता कोपऱ्यात टांगलेला राहिला.

दुसरा उपाय: ‘मित्राला आणा, बक्षीस मिळवा’

मग नवे लोक आणण्याकडे मोर्चा वळला. उबरने ‘मित्राला बोलवा, फुकट फेरी मिळवा’ या योजनेवर मोठी वाढ केली होती. त्याच धर्तीवर, नव्या माणसाला आणणाऱ्याला सशुल्क आवृत्तीचा एक महिना मोफत द्यायचं ठरलं. नवे वापरकर्ते ३ टक्क्यांनी वाढले. वाढ खरी होती, पण एवढ्याने गाडं हलणार नव्हतं.

इथेही गणित बक्षिसातच चुकलं होतं. मित्रांना उत्साहाने बोलावणारे कोण? जे स्वतः रोज शिकतात ते. आणि त्यांच्यापैकी बरेच जण आधीच पैसे भरून सदस्य झालेले. त्यांना मोफत महिना म्हणजे भरल्या ताटावर आणखी वाढप. उबरची फेरी मात्र प्रत्येक वेळी पैसे खाते, म्हणून फुकट फेरी कुणालाही गोड लागते. योजना बांधायच्या आधी डेटाबेसला एक साधा प्रश्न विचारला असता, की सर्वाधिक सक्रिय लोकांतले किती जण आधीच सदस्य आहेत, तर हे दुपारच्या चहापर्यंत कळलं असतं.

तिसरा निर्णय: बांधणं थांबवून मोजणं

प्रकरणाला खरं वळण लागलं ते इथे. टीमने पुढची कल्पना शोधायची सोडली आणि वापरकर्त्यांचं प्रतिमान, म्हणजे गणिती मॉडेल, मांडायला घेतलं. या पद्धतीची मूळ प्रेरणा झिंगा या गेम कंपनीतून आली होती. कुठल्याही दिवशी प्रत्येक वापरकर्ता सात कप्प्यांपैकी नेमक्या एकात असतो.

आज आलेल्यांचे चार कप्पे. आयुष्यात पहिल्यांदाच आलेला तो नवा. आज आला आणि मागच्या सहा दिवसांतही कधीतरी आला होता तो चालू. सात ते एकोणतीस दिवस गायब राहून आज परतला तो जागा झालेला. तीस किंवा अधिक दिवसांनी परतला तो पुनर्जन्म घेतलेला. आज न आलेल्यांचे तीन कप्पे: मागच्या सहा दिवसांत आला होता तो आठवड्याच्या काठावरचा, आठवडाभर नाही पण महिनाभरात आला होता तो महिन्याच्या काठावरचा, आणि त्यापलीकडे गेलेला तो निद्रिस्त.

मांडणीची खुबी अशी की बेरजा आपोआप जुळतात. पहिले चार कप्पे मिळून डीएयू. त्यात आठवड्याच्या काठावरचे मिळवले की आठवड्याचे वापरकर्ते, महिन्याच्या काठावरचे मिळवले की महिन्याचे. आणि प्रत्येक कप्प्यातून उद्या दुसऱ्या कप्प्यात किती टक्के जातात याचा दर काढता येतो. नव्यांपैकी किती परत आले हा एक दर, चालूंपैकी किती परत आले हा दुसरा, आणि असेच पुढचे.

हे मांडायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. तीन रकान्यांचं कोष्टक पुरतं: वापरकर्त्याचा क्रमांक, तारीख, आणि त्या दिवशी तो ‘आला’ की नाही. घोळ होतो तो ‘आला’ या शब्दाच्या व्याख्येत. ॲप उघडलं म्हणजे आला असं धरलं, तर नोटिफिकेशन पुसताना चुकून बोट लागलेलाही मोजला जातो. भाषेच्या ॲपसाठी किमान एक धडा पूर्ण, बातम्यांच्या ॲपसाठी किमान एक बातमी उघडली, हिशेबाच्या ॲपसाठी किमान एक नोंद केली, अशी कामाशी बांधलेली व्याख्या घ्यावी आणि ती मधेच बदलू नये. दुसरा घोळ तारखेचा. सर्व्हरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असेल तर पहाटे पाचला धडा करणारा पुण्यातला माणूस आदल्या दिवसात मोजला जातो, कारण आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. तारीख वापरकर्त्याच्या स्थानिक वेळेने लावावी.

प्रतिमान तयार झाल्यावर टीमने कागदावर प्रयोग केला. बाकी सगळे दर जिथल्या तिथे ठेवून एकेक दर प्रत्येक तिमाहीत २ टक्क्यांनी वाढवत नेला, तर तीन वर्षांनी डीएयूवर काय परिणाम होतो? चालू वापरकर्त्यांच्या परत येण्याच्या दराचा परिणाम दुसऱ्या क्रमांकाच्या दरापेक्षा पाचपट निघाला.

कारण साधं आहे, फक्त पटकन डोळ्यांपुढे येत नाही. चालू कप्पा स्वतःलाच पोसतो. आज चालू असलेला उद्या आला तर उद्याही चालूच, परवा आला तर परवाही. दर थोडा वाढला की चक्रवाढ व्याजासारखा परिणाम साठत जातो. रोज परत येण्याचा दर ७० टक्के स्थिर धरला, तर माणूस सरासरी ३.३ दिवस सलग टिकतो (१ भागिले ०.३). दर ८० झाला तर ५ दिवस, ९० झाला तर १०, ९५ ला २०. वरच्या टोकाला पाच टक्क्यांनी मुक्काम दुप्पट होतो. नव्यांचा दर मात्र प्रत्येकाच्या आयुष्यात एकदाच लागू होतो.

हा निर्णय कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षं नव्या वापरकर्त्यांच्या पहिल्या दिवसांवर काम करून टीमने तिथेच यश पाहिलं होतं, नोंदणीचं पान मागे ढकलणं हा त्याचाच भाग. जे हाताला लागलेलं आहे ते बाजूला ठेवून, ज्यावर फारसं काम केलेलंच नाही असा आकडा मुख्य उद्दिष्ट म्हणून घ्यायचा, याला गणिताचा भक्कम आधार लागतो. तो मिळाल्यावर या एका दरासाठी वेगळी टीम उभी राहिली.

चौथा निर्णय: लीग

पुन्हा गेमकडेच पाहायचं ठरलं, पण या वेळी तीन प्रश्न समोर ठेवून. ही गोष्ट तिथे का चालते? आपल्याकडे ती का चालेल किंवा का फसेल? आणि आपल्यासाठी तिच्यात काय बदलायला हवं?

फार्मव्हिल २ या गेममध्ये गुणांच्या क्रमवारीची स्पर्धा होती. ड्युओलिंगोतही मित्रांची क्रमवारी आधीपासून होती, पण ती निपचित पडली होती. उत्तर प्रतिस्पर्ध्यांच्या निवडीत सापडलं. मित्र जवळचा असतो, पण तो महिनोन्महिने ॲप उघडतच नसेल तर त्याला हरवण्यात मजा कसली? त्याउलट, आपल्याइतकाच वेळ देणारा अनोळखी माणूस दहा गुणांनी पुढे गेला की माणूस रात्री अकराला एक धडा जास्त करतो. म्हणून मित्र सोडून, साधारण सारखा सहभाग असलेल्या अनोळखी लोकांचे गट पाडले. दर आठवड्याला नवी स्पर्धा, वरचे बढती घेऊन पुढच्या लीगमध्ये, तळाचे खाली. एका गटात तीसेक जण, आणि ब्राँझपासून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या.

फार्मव्हिलमधून एक गोष्ट मुद्दाम घेतली नाही. तिथे स्पर्धेसाठी वेगळी कामं करावी लागत. इथे नेहमीचे धडे करत राहिलं तरी माणूस आपोआप स्पर्धेत. शिकायला आलेल्याच्या डोक्यावर नवे नियम लादले नाहीत.

शिकण्याचा एकूण वेळ १७ टक्क्यांनी वाढला. आठवड्यातले किमान पाच दिवस रोज तासभर देणारे, म्हणजे सर्वांत गुंतलेले लोक, तिप्पट झाले. पहिल्या आणि सातव्या दिवसाच्या रिटेन्शनमध्येही, म्हणजे सुरुवातीनंतर त्या त्या दिवशी परत येणाऱ्यांच्या प्रमाणातही, फरक दिसला. मोजकाचा आणि लीगचा उगम एकच, दोन्ही गेममधून उचललेले. फरक त्या तीन प्रश्नांचा.

पाचवा निर्णय: नोटिफिकेशनला हात कसा लावायचा

नोटिफिकेशनच्या बाबतीत कंपनीच्या प्रमुखांनी एक लक्ष्मणरेषा आखली होती. तिच्यामागे ग्रुपॉन या सवलतींचे सौदे विकणाऱ्या कंपनीचा किस्सा होता. तिथे आधी ग्राहकाला दिवसाला एकच संदेश जाई. एक वाढवून पाहिला, विक्री वाढली. मग आणखी एक. असं करत दिवसाला पाच ईमेलपर्यंत मजल गेली आणि मग अचानक त्या संदेशांचा असरच संपला. प्रत्येक चाचणीत फायदा दिसत होता, तरी शेवटी ग्राहकापर्यंत पोचायची वाहिनीच मेली.

चाचणीची ही मर्यादा नीट समजून घेण्यासारखी आहे. दोन आठवड्यांची ए/बी टेस्ट, म्हणजे एका गटाला जुनं आणि दुसऱ्याला नवं दाखवून केलेली तुलना, दोन आठवड्यांचाच परिणाम दाखवते. वैतागून नोटिफिकेशन बंद करणारा माणूस त्या फायद्याच्या आकड्यात दिसत नाही, आणि एकदा बंद केलेलं नोटिफिकेशन तो सहसा पुन्हा चालू करत नाही. हे नुकसान कायमचं असतं आणि महिन्यांनी उघडकीला येतं. म्हणून ठरलं की वेळ, मजकूर, चित्र, भाषा यांत हवे तेवढे प्रयोग करा, पण संख्या वाढवायची तर भक्कम कारण हवं.

दोन गोष्टींनी फळ दिलं. एक, वेळ. आदल्या दिवशी ज्या वेळी धडा केला त्याच्या साडेतेवीस तासांनी आठवण. काल रात्री नऊला माणूस मोकळा होता तर आजही साडेआठच्या सुमारास तो मोकळा असण्याची शक्यता जास्त. सगळ्यांना सकाळी दहाला एकच संदेश पाठवण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं. दोन, मजकुराची निवड. एकच वाक्य रोज आलं की डोळा त्याला पाहीनासा होतो. नुकतंच वापरलेलं वाक्य काही काळ मागे टाकायचं आणि विश्रांती झाली की पुन्हा पुढे आणायचं, असा अल्गोरिदम कंपनीच्या संशोधकांनी बनवला आणि २०२० मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. डीएयूत ०.५ टक्के आणि नव्यांच्या टिकण्यात २ टक्के वाढ. आकडे लहान वाटतील, पण आधीच घासूनपुसून ठेवलेल्या यंत्रणेवर मिळालेले आहेत आणि एकही संदेश न वाढवता.

शिवाय बरेच दिवस न आलेल्याला ‘या आठवणींचा उपयोग होताना दिसत नाही, सध्या थांबवतो’ असा संदेश जातो आणि संदेश खरंच थांबतात. तो संदेश वाचून काही जण परततात हा वरचा फायदा. मुख्य फायदा असा की न येणाऱ्याला रोज टोचून वाहिनी खराब होत नाही.

सहावा निर्णय: सलग दिवसांची साखळी

सलग किती दिवस धडा केला याचा आकडा, म्हणजे स्ट्रीक, ॲपमध्ये आधीपासून होता. आकडेवारीत दिसलं की साखळी १० दिवसांपर्यंत पोचली की सोडून जाण्याची शक्यता बरीच उतरते. यात थोडी निवड असतेच, चिकाटीचा माणूसच दहापर्यंत पोचतो. त्यामुळे नुसत्या या निरीक्षणावर विसंबून चालणार नव्हतं, प्रयोग करून पाहावं लागलं.

पहिला प्रयोग स्वस्तातला होता: साखळी तुटायच्या बेतात असेल तर रात्री उशिरा एक इशारा. त्याने चांगला परिणाम दिला आणि मग साखळीवरच काम सुरू झालं. महिन्याचं कॅलेंडर, टप्प्यांवरची ॲनिमेशन्स, आणि साखळी गोठवण्याची सोय, म्हणजे एखादा दिवस चुकला तरी आकडा शाबूत. ही सोय उलट्या दिशेची वाटते, सुट्टी दिली तर लोक ढिले पडतील अशी भीती वाटते. पण दीडशे दिवसांची साखळी तापामुळे एका दिवसात शून्यावर आली की तो माणूस उद्या ‘एक’पासून सुरू करत नाही, तो ॲपच सोडतो. उपास मोडला की ‘आता आज खाऊनच घेऊ’ म्हणतो, त्यातलाच प्रकार.

आधी साखळी टिकवायला स्वतः ठरवलेलं रोजचं लक्ष्य गाठावं लागे. पुढे एक धडा केला तरी दिवस धरला जाऊ लागला. उत्साहाच्या भरात मोठं लक्ष्य ठेवलेले लोक चौथ्या दिवशी गळायचे, ते या बदलाने टिकले.

निष्पत्ती

चालू वापरकर्त्यांचा परत येण्याचा दर २१ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर रोज गळणाऱ्या चांगल्या वापरकर्त्यांचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त घटलं. या दोन आकड्यांवरून उलट गणित केलं की दर सुमारे ६६ वरून ७९ च्या आसपास गेला असावा असं निघतं, म्हणजे सरासरी मुक्काम सुमारे तीन दिवसांवरून पाचांच्या जवळ. चार वर्षांत डीएयू साडेचारपट झाले. रोज येणाऱ्यांत सात दिवसांहून मोठी साखळी असलेल्यांचा वाटा जवळजवळ तिप्पट होऊन निम्म्याच्या वर गेला.

जुलै २०२१ मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात उतरली. त्या सुमारास रोजचे सुमारे ९१ लाख आणि महिन्याचे सुमारे ३.७९ कोटी वापरकर्ते होते, म्हणजे महिन्यात येणाऱ्या शंभरांतले २४ रोज. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत रोजचे ४.०५ कोटी, महिन्याचे ११.६७ कोटी. प्रमाण ३५ च्या जवळ.

सगळं श्रेय लीग आणि साखळीला देणं बरोबर नाही. मधे २०२० मध्ये घरात अडकलेल्या जगाने भाषा शिकायला घेतल्या, आणि २०२१ पासून टिकटॉकवर ड्युओलिंगोचं बोधचिन्ह असलेल्या हिरव्या घुबडाने धुमाकूळ घातला. मात्र रोजच्या-महिन्याच्या प्रमाणात झालेली वाढ नुसत्या प्रसिद्धीने होत नाही. प्रसिद्धीने रांजणात पाणी येतं, भोक बुजत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम. कप्पे मांडायला लागणारी माहिती पहिल्या दिवसापासून डेटाबेसमध्ये होती. प्रतिमान आधी झालं असतं तर मोजकाचे दोन महिने वाचले असते आणि टीम मोडायची पाळी आली नसती.

लीगचं यश शिकण्याच्या वेळात मोजलं गेलं. वेळ वाढला म्हणजे शिक्षण वाढलं असं नाही. गुणांसाठी सोपे जुने धडे पुन्हा पुन्हा करून पहिला नंबर मारणारे लवकरच निघाले. लीग सुरू करतानाच त्याच धड्याला दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा नगण्य गुण ठेवले असते आणि नव्या शब्दांच्या चाचणीचा आकडा रिटेन्शनच्या शेजारी लावला असता, तर ही पळवाट आधीच बुजली असती. स्पर्धा नकोशी वाटणाऱ्याला बाहेर पडायचा मार्गही सहज दिसेल अशा जागी हवा.

साखळीत एक सापळा आहे. गोठवलेला दिवस साखळीत जिवंत दिसतो, पण त्या दिवशी माणूस आलेला नसतो. साखळी असलेल्यांचा आकडा बघून खूश होण्याआधी त्यातले खरोखर किती आले ते वेगळं काढावं.

दुसऱ्या ॲपला लावताना

पुण्या-मुंबईत किंवा नाशकात बसून मराठी ॲप चालवणाऱ्याने यातली साखळी जशीच्या तशी उचलली तर तो मोजकाचीच चूक करेल. आधी गरज किती दिवसांनी पडते ते पाहावं. बाजारभाव दाखवणाऱ्या ॲपवर कांदा विकायला निघालेला शेतकरी त्या दिवसांत रोज येईल आणि नंतर चार महिने येणार नाही. तो गळालेला नाही, त्याचा हंगाम संपला आहे. त्याच्यासाठी कप्पे दिवसांऐवजी आठवड्यांचे, आणि ‘परतला’ची तुलना मागच्या हंगामाशी. विजेचं बिल भरायच्या ॲपला महिना हे एकक. तिथे रोजची आठवण पाठवली तर नोटिफिकेशन बंद होणारच.

फोनकडेही पाहावं. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी वापरकर्त्याची स्पष्ट परवानगी लागते. ॲप उघडताच ती मागितली तर ‘नको’ हेच उत्तर जास्त मिळतं आणि दोनदा नकार आला की प्रणाली पुन्हा विचारू देत नाही. पहिलं काम पूर्ण झाल्यावर, ‘उद्या याच वेळी आठवण करू का?’ असं आपल्या पानावर विचारून, हो म्हणणाऱ्यालाच खरी परवानगी मागावी. शाओमी, ओप्पो, विवो यांच्या फोनवर बॅटरी वाचवणारी यंत्रणा पार्श्वभूमीतलं काम मारते, त्यामुळे फोनवरच लावलेला गजर चुकतो. वेळेची आठवण सर्व्हरवरून पुश करावी आणि पाठवलेले, पोचलेले, उघडलेले असे तीन आकडे फोनच्या कंपनीनुसार वेगळे ठेवावेत. मजकूर वाईट आहे असं वाटत असताना तो पोचलेलाच नाही असं निघण्याची शक्यता बरीच असते.

शेवटी चाचणीचा आकार. समजा सातव्या दिवसाचं रिटेन्शन २० टक्के आहे आणि ते २२ झालं का हे खात्रीने पाहायचं आहे. प्रत्येक गटात लागणारी माणसं ढोबळमानाने १६ गुणिले ०.२ गुणिले ०.८, भागिले ०.०२ चा वर्ग, म्हणजे ६,४००. दोन गटांचे १२,८००. रोज ३०० नवे इन्स्टॉल असतील तर भरती पूर्ण व्हायला ४३ दिवस, शेवटच्या माणसाचा सातवा दिवस यायला आणखी सात. एकाच टक्क्याचा फरक पकडायचा तर चौपट, प्रत्येकी २५,६००, आणि काम सहा महिन्यांवर जातं. एवढ्या लहान ॲपने बटणाचा रंग बदलण्याच्या चाचण्यांत वेळ घालवू नये. नोंदणीचं पान मागे ढकलण्यासारखे, पाच-सात टक्क्यांचा फरक पाडू शकतील असेच बदल चाचणीला लावावेत. पाच टक्क्यांच्या फरकाला हेच सूत्र प्रत्येकी १,०२४ माणसं मागतं, आणि भरती आठवड्यात होते.